कुऱ्हाडे आणि कुऱ्हाडे : एका विद्यापीठाच्या तांत्रिक मानकांचं प्रकरण

निकालाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या संगणक केंद्रात परीक्षा विभागातून फोन आला. एकाच मुलीचे दोन निकाल निघत होते. एकात ती सगळ्या विषयांत उत्तीर्ण, दुसऱ्यात एका विषयाला गैरहजर. मुलगी अभियांत्रिकीची, पण एक विषय तिने आमच्याच व्यवस्थापन महाविद्यालयात घेतलेला. तिथे तिने पेपर दिला होता, गुणही मिळाले होते. तरी आमच्या संगणकाच्या मते त्या महाविद्यालयातली ‘कुऱ्हाडे’ आणि अभियांत्रिकीतली ‘कुऱ्हाडे’ या दोन वेगळ्या व्यक्ती होत्या. (आडनाव बदललं आहे. विद्यापीठाचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत.)

पडद्यावर दोन्ही नावं ठेवून आम्ही चौघं अर्धा तास पाहत बसलो. काना, मात्रा, वेलांटी, सगळं सारखं. शेवटी एका कनिष्ठ सहकाऱ्याने प्रत्येक अक्षराचा आतला क्रमांक काढला तेव्हा उलगडा झाला. मराठीतला तो आडव्या मिशीसारखा अर्धा र युनिकोडात, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, दोन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेत ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलंत जोडतात. दुसऱ्या वाटेत साधा ‘र’, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह येतं. डोळ्याला दोन्ही एकच, यंत्राला दोन्ही वेगळी. एका महाविद्यालयातल्या संगणकाचा कीबोर्ड पहिल्या वाटेने जात होता आणि दुसरीकडे मुलांनी फोनवरून भरलेले अर्ज दुसऱ्या वाटेने आले होते.

यात आमचा स्वतःचा हात होता, हे आधीच कबूल करतो. नावावरून जुळवणी करायची वेळच का आली? कारण सगळ्या महाविद्यालयांत चालेल असा एक विद्यार्थी क्रमांक नव्हता. आणि मराठी नावावरून का? तर इंग्रजी स्पेलिंगवर कुणाचाच भरवसा नव्हता. दत्तात्रयच्या शेवटी ‘ए’ लावायचा की नाही, यावर एकाच घरातल्या दोन भावांचं एकमत नसतं. म्हणून कुणीतरी म्हणालं, देवनागरी घ्या, तिथे स्पेलिंगचा घोळ नाही. मी मान डोलावली होती.

आधीचा डाव

आमचं विद्यापीठ एकदम उभं राहिलेलं नाही. अभियांत्रिकी आधी, मग औषधनिर्माण, वैद्यकीय आणि त्याचं रुग्णालय, विधी, वास्तुकला, व्यवस्थापन. काही ठाण्यात, काही नवी मुंबईत; ट्रान्सहार्बरच्या गाडीने शिक्षक आणि विद्यार्थी सकाळ-संध्याकाळ ये-जा करतात. प्रत्येक महाविद्यालय विद्यापीठात आलं ते आपला प्रवेशाचा फॉर्म, आपला सर्व्हर, आपला ईमेल पत्ता आणि आपला एक ‘संगणकवाले सर’ सोबत घेऊन. एकत्र कुटुंबात पाच सुना आणि पाच चुली असाव्यात, तसं चाललं होतं. आणि खरं सांगायचं तर जेवण वेळेवर मिळतही होतं.

गरज बाहेरून आली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक श्रेयांक बँकेचे विनियम जुलै २०२१ मध्ये निघाले. विद्यार्थ्याने कुठेही मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) त्याच्या खात्यात जमा व्हायचे, ते सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहायचे आणि हे सगळं डिजिलॉकरशी जोडलेलं असायचं. म्हणजे नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळली नाही, किंवा श्रेयांक खात्याचा बारा आकडी क्रमांक चुकला, तर मुलाचे श्रेयांक अधांतरी. आजवर चुलीवरचं चुलीवर राहत होतं, ते आता एका ताटात वाढायचं होतं.

त्यावर आम्ही केलं ते कुठल्याही संस्थेत करतात तेच. समिती नेमली, मी सदस्य-सचिव. काही महिन्यांत एक जाडजूड दस्तऐवज तयार झाला. त्यात सगळं होतं : लॅपटॉप कोणत्या प्रतीचा, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, अँटिव्हायरस कुठला, शिकवण्याचं सॉफ्टवेअर एकच, खरेदी एकाच यादीतून. मुखपृष्ठावर बोधचिन्ह. परिपत्रक निघालं आणि दोन महिन्यांत त्याचं काय झालं ते सांगतो.

रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागाने शांतपणे कळवलं की त्यांच्या यंत्राला जोडलेला संगणक यंत्राच्या कंपनीने बसवला आहे. त्यावर आमचं काही घातलं तर देखभालीचा करार मोडेल. शिवाय प्रतिमांच्या देवाणघेवाणीसाठी त्यांच्याकडे डायकॉम हे मानक कितीतरी वर्षांपासून आहेच. आम्ही नवीन काय देणार? वास्तुकलावाले म्हणाले, यादीतल्या लॅपटॉपवर आमचं आराखड्याचं सॉफ्टवेअर उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. विधी महाविद्यालयाने उत्तरच दिलं नाही. परीक्षा विभागातल्या वरिष्ठ लिपिक मॅडम एवढंच म्हणाल्या, “सर, ऐन परीक्षेत काही बदलू नका. २०१७ आठवतंय ना?”

आठवत होतंच. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने लागू केली आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. ठाण्या-मुंबईच्या शिक्षणक्षेत्रात ‘केंद्रीय संगणकीकरण’ म्हटलं की आजही लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यामागे ही आठवण आहे. आमच्या समितीने ती जमेस धरली नव्हती.

नियमाला बगल देणंही सुरू झालं. खरेदीच्या यादीत वायफायचा राउटर बसेना, म्हणून एका विभागाने तो लॅमिंग्टन रोडवरून आणला आणि छताच्या पीओपीमागे लपवला. लावताना केबल चुकीच्या भोकात घातली. झालं! तो राउटर मजल्यावरच्या प्रत्येक संगणकाला आपल्या मनाचे पत्ते वाटू लागला आणि अर्ध्या मजल्याचं इंटरनेट गेलं. आम्ही दीड दिवस स्विच तपासत होतो. शेवटी शिपाई मामांनी वर बोट दाखवलं, “तिथं हिरवा दिवा लुकलुकतोय बघा.” राउटर काढला. विभागप्रमुखांवर ठपका ठेवण्याची टिपणी मी लिहायला घेतली होती, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की त्यांच्या वर्गात खरंच वायफाय येत नव्हतं आणि त्यांचे तीन अर्ज माझ्याच टेबलावर पडले होते. ती टिपणी पुढे गेली नाही.

मनमाडची गोष्ट

कुऱ्हाडे प्रकरणानंतर कुलसचिवांनी बैठक घेतली. त्यांचं बालपण मनमाडचं, वडील रेल्वेत. समितीचा जाड दस्तऐवज बाजूला सारून त्यांनी रेल्वेचा विषय काढला. आधी वाटलं, विषयांतर. ते म्हणाले, आपल्या ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला आली ती पाच फूट सहा इंची, म्हणजे ब्रॉडगेज रुळांवरून. पुढे १८७० च्या सुमारास खर्च वाचवायला एक मीटर रुंदीचं मीटरगेज आलं. हैदराबादकडून येणारा मीटरगेज मार्ग मनमाडला ब्रॉडगेजला भेटायचा. डबा काही रूळ बदलू शकत नव्हता. मग सगळा माल हमालांनी उतरवायचा, पलीकडे चढवायचा. एकेका पोत्यामागे वेळ, मजुरी, गळती, चोरी. देशभर एकच गेज करण्याचा कार्यक्रम सुरू झाला तो थेट १९९२ मध्ये. “डब्यात कापूस भरा नाहीतर कांदा भरा, रेल्वेने ते कधी ठरवलं नाही. तिने दोन रुळांतलं अंतर ठरवलं. तुम्ही लोक कापूस-कांदा ठरवत बसलात.”

बैठकीत हशा पिकला, पण त्यातून मला पुढच्या कामाची दिशा मिळाली. आम्ही प्रत्येकाच्या टेबलावर काय असावं ते ठरवत होतो. माल हात बदलतो त्या जागा, म्हणजे आमची मनमाडं, आम्ही पाहिलीच नव्हती.

म्हणून पुढचा हंगाम मी आणि एक सहकारी परीक्षा विभागात मुक्काम ठोकून बसलो. संगणक केंद्राचा माणूस निकालाच्या दिवसांत तिथे बसलेला पाहून मॅडमना आधी संशयच आला. नंतर त्यांनीच एकेक फाइल समोर ठेवली. त्या वर्षानुवर्षे निमूटपणे ही हमाली करत होत्या : औषधनिर्माणकडून येणाऱ्या यादीत आडनाव आधी, अभियांत्रिकीकडून नाव आधी, वैद्यकीयमध्ये आईचं नाव वेगळ्या रकान्यात, विधीची यादी तर छापील. रात्री जागून त्या हे सगळं एका साच्यात बसवायच्या. हे काम कुठल्याही जबाबदारीपत्रकात नव्हतं. त्या निवृत्त झाल्या असत्या तर विद्यापीठाचा निकाल बंद पडला असता आणि आम्हाला कारणही कळलं नसतं.

त्या मुक्कामात पाहिलेली एक गंमत सांगतो. श्रेयांक खात्याचा बारा आकडी क्रमांक. लिपिक तो एक्सेलमध्ये बरोबर टाकायचे. एक्सेल मात्र अकराहून अधिक आकड्यांची संख्या साध्या रकान्यात आली की ती वैज्ञानिक पद्धतीने, दशांश आणि घात लावून दाखवतं. तशीच फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर, म्हणून जतन केली की दिसतं तेच लिहिलं जातं, मागचे आकडे कायमचे गेले. पुन्हा उघडून रकाना रुंद करून काही मिळत नाही. तारखांचं त्याहून वाईट. ४ जुलैचा ७ एप्रिल होतो आणि कुणाला कळत नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्या वाटतात. १२ तारखेनंतर जन्मलेली मुलं त्या मानाने सुखी. त्यांची तारीख उलटली तर यंत्र निदान तक्रार तरी करतं.

चार पानं

नवा दस्तऐवज चार पानांचा झाला. त्यात लॅपटॉप नाही, अँटिव्हायरस नाही. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत माहिती जाताना ती कशी असावी, एवढंच आहे.

प्रत्येक व्यक्तीला एक कायमचा क्रमांक. त्यात वर्ष, शाखा, प्रवर्ग असं काहीही दडवायचं नाही. विद्यार्थी शाखा बदलतो, परत पदव्युत्तरला येतो, पुढे इथेच शिक्षक होतो. क्रमांक बदलत नाही. जुन्या क्रमांकांत आकड्यांवरून ‘हा मॅनेजमेंट कोट्यातला’ हे कार्यालयातल्या कुणालाही वाचता यायचं, ते या निमित्ताने बंद झालं. माझ्या मते चार पानांतली सर्वांत चांगली गोष्ट हीच, आणि तिच्यावर चर्चा सर्वांत कमी झाली.

तारीख वर्ष-महिना-दिवस. लिहिणाऱ्याने आपल्या फॉर्मवर हवी तशी छापावी, देताना मात्र अशीच द्यावी.

नावाचा परिच्छेद सर्वांत लांब. स्वतःचं नाव, आईचं, वडिलांचं, आडनाव असे चार सुटे रकाने, दोन्ही लिप्यांत. आणि ‘आधारवर आहे तसं’ असं पाचवं, एकसंध. कुठला रकाना आधी छापायचा, हे छापणाऱ्याने ठरवायचं. एका प्राध्यापकांना हे अति वाटलं. पण मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी येईल. ती मुलं आमच्याकडे २०४२ च्या आसपास येतील. तेव्हा इथे कोण असेल कुणास ठाऊक, पण रकाने सुटे असतील.

मराठी मजकूर फक्त युनिकोडात. हे वाक्य लिहायला सोपं. पुढे मात्र बरेच दिवस त्यातच गेले, कारण विधी महाविद्यालय.

विधी महाविद्यालयाचे भाऊ

विधीच्या कार्यालयात एक ज्येष्ठ टंकलेखक आहेत, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. टंकलेखन यंत्रावर शिकलेले, मराठीची मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास, बोटं यंत्राच्या जुन्या रेमिंग्टन मांडणीवर न पाहता धावतात. त्यांच्या कपाटात आणि संगणकात वर्षांनुवर्षांचा मराठी मजकूर आहे आणि तो सगळा जुन्या फॉन्टमधला. त्या फॉन्टांची युक्ती अशी की आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात, वर फक्त देवनागरीचा मुखवटा. फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडलं की मुखवटा गळतो आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. शोध चालत नाही, क्रमवारी लागत नाही.

आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने त्यांना इनस्क्रिप्ट ही संगणकाची वेगळी कीबोर्ड मांडणी शिकण्याचा सल्ला दिला. भाऊ म्हणाले, “शिकेन की. मिनिटाला दहा शब्दांनी टंकेन, आणि दीक्षान्ताची प्रमाणपत्रं पुढच्या वर्षी घ्या.” बरोबर होतं त्यांचं. नियम बाहेर पडणाऱ्या मजकुराचा होता, बोटांचा नव्हे. मग रेमिंग्टनची मांडणी तशीच ठेवून आत युनिकोड उमटवणारं साधन बसवून दिलं. पहिली वेलांटी आधी की नंतर, एवढा एक फरक त्यांना टोचला, कारण यंत्रावर ती अक्षराच्या आधी मारायची सवय. आठवड्याभरात बोटं वळली.

जुन्या फाइलींचं रूपांतर मात्र घामटं काढणारं ठरलं. त्याच वेलांटीमुळे : जुन्या फॉन्टात ती अक्षराआधी साठवलेली, युनिकोडात नंतर हवी. रफार उलटा : जुन्यात शेवटी, नव्यात आधी. रूपांतराचं साधन हे बहुतेक ठिकाणी नीट करतं, जोडाक्षर आलं की अडखळतं. भाऊंनी छापील प्रत शेजारी ठेवून एकेक पान वाचलं. जिथे साधनाने ‘निर्वाह’चा ‘निवार्ह’ केला होता, तिथे ते मोठ्याने हसत आणि शेजारच्यांना बोलावून दाखवत.

‘ल’ आणि ‘श’ यांवरून एक वेगळीच चकमक झाली. मराठी विभागातल्या प्राध्यापक मॅडमचा आक्षेप होता की तुमच्या युनिकोडात हिंदी वळणाचे ल आणि श येतात. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेची प्रमाण वळणं ठरवलेली असताना हे चालणार नाही. त्यांचा मुद्दा योग्यच, फक्त पत्ता चुकलेला. अक्षराचा क्रमांक एकच असतो, वळण फॉन्ट ठरवतो. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली आणि फॉन्टात सोय असली की मराठी वळण उमटतं. मानकात एक ओळ वाढली : भाषा नोंदवणं सक्तीचं. ही ओळ मॅडमची.

आणि कुऱ्हाडे? ‘युनिकोड वापरा’ म्हणून तो प्रश्न सुटला नव्हताच. तो युनिकोडातलाच होता. युनिकोडचं स्वतःचं प्रमाणीकरण, म्हणजे समान रूपं एक करण्याची त्याची रीत, या दोन वाटांना एक मानत नाही. ‘ॲ’चंही तसंच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडात आलं २००८ मध्ये; त्याआधीचे लोक अ वर चंद्र ठेवत आणि कितीतरी कीबोर्ड अजून ठेवतात. ‘ॲडमिशन’ शोधलं की निम्म्या नोंदी गायब. म्हणून आमचा आम्ही नियम केला : लिहिणाऱ्याने कसंही लिहावं, माहिती स्वीकारणाऱ्या दारातच ‘ऱ’ आणि ‘ॲ’ या अक्षरांच्या रूपात ती बदलून घ्यायची. ही दुरुस्ती लिहायला फार तर एक दुपार लागली.

सवलतींची वही

मानक पाळणं जमत नसेल तर काय, याचं उत्तर आधीच्या दस्तऐवजात ‘कारवाई’ होतं. आता एक वही आहे. कोणाला, कशातून, का आणि कोणत्या तारखेपर्यंत सवलत, हे तिच्यात लिहायचं. तारखेशिवाय सवलत नाही. वही सगळ्यांना पाहता येते. लोक लपवेनासे झाले, हा तिचा खरा उपयोग. क्ष-किरणाचा संगणक वहीत आहे, वास्तुकलेचा एक सर्व्हर आहे. संगणक केंद्राच्या स्वतःच्या दोन नोंदी आहेत आणि त्यांतल्या एकीची मुदत उलटून गेली आहे, हे कुणी विचारण्याआधी मीच सांगतो. मानकात बदल सत्र सुरू होण्यापूर्वीच करायचा, परीक्षा जाहीर झाल्यावर स्वल्पविरामही हलवायचा नाही. हे कलम परीक्षा विभागाच्या मॅडमनी स्वतः लिहिलं आणि त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

वायफायचा प्रश्न त्यामानाने सहज सुटला. एज्युरोम ही जगभरच्या विद्यापीठांची सामाईक व्यवस्था भारतात अर्नेट या शिक्षणसंस्थांच्या सरकारी जाळ्यामार्फत मिळते. आपल्या संस्थेचं खातं असलं की दुसऱ्या सदस्य संस्थेतही जोडणी मिळते. त्यासाठी सगळ्या महाविद्यालयांच्या खात्यांचं शेपूट, म्हणजे ‘ॲट’च्या पुढचा भाग, एक करावं लागलं. जुने ईमेल पत्ते तसेच चालू ठेवले, त्यामुळे भांडण झालं नाही.

चूक मात्र एक मोठी झाली. कायमचे क्रमांक देताना जुन्या नोंदींतल्या दुबार व्यक्ती शोधायला आम्ही नियम लावला : आडनाव, आई-वडिलांची नावं, जन्मतारीख आणि नावाचं आद्याक्षर जुळलं तर एकच व्यक्ती. दोन जुळ्या बहिणी, दोघींची नावं ‘प्र’ने सुरू होणारी, एक औषधनिर्माणमध्ये, एक व्यवस्थापनात. यंत्राने त्यांना एक केलं. एकीचं शुल्क भरलेलं, म्हणून दुसरीचं थकीत दिसेना, आणि ग्रंथालयाने एकीची पुस्तकं दुसरीकडे मागितली. दोघी एकत्र कार्यालयात आल्या आणि खिडकीसमोर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. काही सांगावंच लागलं नाही. तेव्हापासून एकत्रीकरण माणसाच्या सहीशिवाय होत नाही.

जिथे जोडलं नाही

अखेरचा वाद रुग्णालयाचा. विद्यार्थी आजारी पडला की आमच्याच रुग्णालयात जातो. तिथल्या केसपेपरवर हाच कायमचा क्रमांक का नको? प्रशासनाला ते हवं होतं : शुल्कसवलत आपोआप लागेल, रांग वाचेल. समितीत बहुमतही होतं. विरोध मनोविकार विभागाच्या डॉक्टरांनी केला. उद्या एखादा मुलगा आमच्या ओपीडीत आला, आणि त्याच क्रमांकावरून त्याच्या विभागप्रमुखाला ते दिसण्याची शक्यता जरी असली, तरी तो येणारच नाही, असं त्या म्हणाल्या. मला त्यांचं पटलं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही माहिती ज्या कारणासाठी घेतली त्यापुरतीच वापरायला सांगतो. रुग्णाचा क्रमांक वेगळा राहिला, आणि दोन्ही क्रमांकांची सांगड घालणारी यादी ठेवायची नाही असं इतिवृत्तात नोंदवलं गेलं. सवलतीसाठी विद्यार्थी खिडकीवर ओळखपत्र दाखवतो. रांग आहे तेवढीच आहे.

प्रशासनाने हा विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर पुन्हा घातला आहे. डॉक्टर मॅडमनी त्या दिवशीची ओपीडी दुसऱ्यावर सोपवून बैठकीला यायचं कळवलं आहे.